मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी फ्लॅश निवडताना या चुका टाळा

३५ मिमी कॅमेऱ्यावर हात बसलेला हौशी छायाचित्रकार मीडियम फॉरमॅटकडे (त्याहून मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याकडे) वळला, की बहुधा हाताशी असलेला फ्लॅशच नव्या कॅमेऱ्याला लावतो. घरात काढलेले पहिले दोन रोल अंधारलेले आले, की दोष लेन्सला, लॅबला नाहीतर फिल्मच्या मुदतीला दिला जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेक वेळा हिशेबात सापडतो. या कॅमेऱ्यांच्या १२० नावाच्या रोलवर ६×६ सेंटीमीटरच्या मापात बारा आणि ६×७ मध्ये दहाच फ्रेम मिळतात, आणि चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर. म्हणून हा हिशेब फ्लॅश विकत घेण्याआधी, कागदावर करावा.

डब्यावरचा आकडा पाहून फ्लॅश घेणे

निवड सुरू व्हावी ती आपल्याला लागणाऱ्या ॲपर्चरपासून, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या मापापासून (एफचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान). ६×६ कॅमेऱ्यावरची ८० मिमी लेन्स साधारण तेवढेच दृश्य टिपते जेवढे ३५ मिमीवर ५० मिमीची लेन्स टिपते, पण तिची डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे स्पष्ट येणारा पट्टा) बरीच कमी असते. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचे छायाचित्र एफ/४ ला काढले, तर सुमारे २६ सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. म्हणजे डोळे स्पष्ट आणि मांडीवरचे हात पुसट. एफ/११ ला हीच खोली ७० सेंटीमीटरच्या आसपास जाते. घरातल्या माणसांच्या छायाचित्रांसाठी म्हणूनच एफ/८ ते एफ/११ हे आपले नेहमीचे ॲपर्चर धरावे, आणि ३५ मिमीवर एफ/५.६ ला भागत होते ही आठवण बाजूला ठेवावी. हा फरक एक ते दोन स्टॉपचा आहे. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, आणि दोन स्टॉप म्हणजे चौपट.

आता डब्यावरचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा पाहू. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागले की ॲपर्चर मिळते, हे सूत्र खरे आहे. पण झूम हेड असलेल्या फ्लॅशच्या डब्यावर छापलेला आकडा बहुधा सर्वात लांब झूमचा असतो, तिथे प्रकाशाचा झोत अगदी अरुंद केलेला असतो. आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचे माप) ६० आकडा मिरवणारा फ्लॅश ३५ मिमीच्या झूमवर आणला, तर ३६ ते ४० च्या आसपास उतरतो. ३६ धरून तीन मीटरवर एफ/१२ मिळते, आणि हे पाहून पुरेसे वाटते. मग आपण प्रकाश मऊ व्हावा म्हणून फ्लॅश छतावर मारतो (बाउन्स करतो) किंवा प्रकाश पसरवणाऱ्या छत्रीत घालतो. छताकडे जाऊन परत येणारी वाट तीनऐवजी चार मीटरची होते, म्हणजे एफ/९ मिळते, आणि छत शोषून व विखरून टाकते तो प्रकाश वेगळाच. त्यात आणखी दोन स्टॉप तरी जातात असे धरून चालावे. हाती उरते एफ/४.५. फिल्म इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक पोर्ट्रा ४०० असेल, तर आयएसओ ४०० मुळे दोन स्टॉप परत मिळून आपण एफ/९ ला पोहोचतो आणि काम निभते, पण प्रत्येक वेळी पूर्ण शक्तीवर. एफपी४ प्लससारख्या १२५ च्या फिल्मवर ते निभत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की घरात मुख्यतः ४०० ची फिल्म वापरणाऱ्याने एक चांगला मॅन्युअल फ्लॅश घ्यावा आणि पुढे लागल्यास त्याच्या जोडीला तसाच दुसरा घ्यावा. मंद फिल्मची आवड असणाऱ्याने सुरुवातीलाच २०० ते ३०० वॉट-सेकंदांचा (हे फ्लॅशमध्ये साठणाऱ्या ऊर्जेचे माप) स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओतला मोठा फ्लॅश, पाहावा. कॅमेऱ्यावर बसणारे फ्लॅश साधारण ६० ते ७५ वॉट-सेकंदांचे असतात. वॉट-सेकंद दुप्पट झाले की एकच स्टॉप वाढतो, त्यामुळे थोड्या मोठ्या फ्लॅशसाठी बरेच जास्त पैसे मोजण्यात अर्थ नसतो. स्थिर वस्तूंची छायाचित्रे काढणाऱ्याला तर स्वस्त उपाय आहे: खोली अंधारी करून शटर बी वर उघडे ठेवावे आणि तोच फ्लॅश चार वेळा उडवावा, दोन स्टॉप मिळतात.

चौकोनी फ्रेम विसरणे

फ्लॅशच्या हेडवरचे ३५, ५०, ८५ हे आकडे आडव्या ३५ मिमी फ्रेमसाठी लिहिलेले आहेत. ६×६ ची फ्रेम चौकोनी. ८० मिमीवर तिला आडवा आणि उभा असा दोन्हीकडे सुमारे ३९ अंशांचा कोन लागतो. हेड ५० वर ठेवले तर आडवे पुरते, पण उभे २७ अंशच मिळतात, आणि छायाचित्रात कपाळाच्या वर व गुडघ्यांच्या खाली अंधाराची पट्टी येते. ३५ वर उभा कोन जवळजवळ ३८ अंशांचा होतो, म्हणजे कसाबसा पुरतो. मी हेड २८ वर ठेवतो आणि त्यामुळे कमी होणारा गाइड नंबर हिशेबात धरतो. ५० मिमीची वाइड लेन्स लावली असेल, तर हेडमधली पारदर्शक वाइड पट्टी बाहेर काढल्याशिवाय फ्लॅश सरळ मारू नये.

सिंक न तपासणे

मीडियम फॉरमॅटमध्ये दोन जातींची शटर आहेत. हॅसलब्लाड ५०० सी/एम किंवा मामिया आरबी६७ यांच्या लेन्समध्येच पाकळ्यांचे लीफ शटर असते, ते कोणत्याही वेगाला फ्लॅशशी जुळते. हॅसलब्लाडवर १/५०० सेकंदापर्यंत, आरबी६७ वर १/४०० पर्यंत. पेंटॅक्स ६७ मध्ये फोकल प्लेन शटर (फिल्मलगत सरकणारा पडदा) आहे आणि त्याचा सिंक, म्हणजे फ्लॅशशी जुळणारा सर्वात जास्त वेग, १/३० चा, तर मामिया ६४५ १००० एस चा १/६० चा. याहून वेगवान शटरला अर्धी फ्रेम काळी येते. १/३० ला मात्र घरातले दिवेही फिल्मवर नोंदले जातात. फ्लॅशचा प्रकाश दिवसाच्या रंगाचा आणि बल्बचा पिवळा, त्यामुळे रंगीत फिल्मवर चेहऱ्याची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी हळदीसारखी दिसते. अशा कॅमेऱ्यावर काम करताना खोलीतले दिवे बंद करावेत, नाहीतर फ्लॅशवर पिवळसर जिलेटिनचा फिल्टर लावून दोन्ही प्रकाश एका रंगाचे करावेत.

लीफ शटरवालेही निर्धास्त राहू नयेत. मोठा स्ट्रोब पूर्ण शक्तीवर उडतो तेव्हा त्याचा प्रकाश बराच वेळ रेंगाळतो, आणि १/५०० ला त्याचे शेपूट कापले जाते. त्यातच रेडिओ ट्रिगरचा सूक्ष्म उशीर मिसळला, की अर्धा-एक स्टॉप कुठे गेला ते कळत नाही. घरात १/१२५ पुरेसा आहे.

यातली सर्वात महागात पडणारी गोष्ट म्हणजे जुन्या लेन्सवरची एम आणि एक्स ही कळ. एम ही जागा जुन्या काळच्या एकदा जळणाऱ्या फ्लॅशबल्बसाठी होती. तो बल्ब पूर्ण पेटायला सुमारे वीस मिलिसेकंद लागत, म्हणून शटर ठिणगीनंतर थोडे थांबून उघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्या आधीच उडून विझलेला असतो. मी एका वाढदिवसाला दहाच्या दहा फ्रेम अशाच घालवल्या. पिशवीतून कॅमेरा काढताना कळ सरकली होती आणि माझे लक्ष गेले नाही. निगेटिव्हवर फक्त खिडकीचा चौकोन आणि केकवरच्या मेणबत्त्यांचे ठिपके होते, माणसे नव्हतीच. आजीचे ते छायाचित्र पुन्हा काढता आले नाही. तेव्हापासून मी ती कळ एक्सवर ठेवून वर चिकटपट्टी लावतो.

तपासणी सोपी आहे. फिल्म घालण्याआधी मॅगझिन (मागची फिल्मची पेटी) काढावे किंवा मागचे दार उघडावे, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरून फ्लॅश त्या भिंतीवर उडवावा आणि मागून लेन्समधून पाहावे. लीफ शटरमध्ये पूर्ण पांढरे वर्तुळ दिसले पाहिजे आणि फोकल प्लेनमध्ये चौकटीचे चारही कोपरे उजळले पाहिजेत. काहीच दिसले नाही तर आधी कळ पाहावी, मग पीसी केबल (फ्लॅश कॅमेऱ्याला जोडणारी तार) हलवून पाहावी. तिचे टोक सैल होणे हा नेहमीचा आजार आहे, आणि जास्तीची केबल पिशवीत ठेवणे हाच त्यावरचा भरवशाचा उपाय.

आपल्या घरांत बाउन्स करताना

पांढऱ्या छताची गोष्ट पुस्तकात सोपी वाटते. आपल्या घरांत छताच्या मधोमध पंखा असतो, आणि फ्लॅश सरळ वर मारला की पात्यांच्या सावल्या छतावर आणि थोड्या माणसांवरही उमटतात. सरळ वर मारण्याचा आणखी तोटा असा की प्रकाश डोक्यावरून पडून डोळ्यांच्या खाचा काळ्या दिसतात. छायाचित्रकाराच्या पाठीमागच्या बाजूला, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हेड वळवावे. पंखाही टळतो आणि डोळ्यांत चमक येते. भिंत पिस्ता किंवा अबोली रंगाची असेल, तर चेहऱ्यावरही तोच रंग येतो, तेव्हा कृष्णधवल फिल्म घालावी किंवा भिंतीवर पांढरी चादर टाकावी. जुन्या वाड्यातल्या कडीपाटाच्या छतावर बाउन्स करू नये. काळपट लाकूड प्रकाश पिऊन टाकते. तिथे छत्रीच हवी.

ऑटो थायरिस्टर फ्लॅश (परत येणारा प्रकाश मोजून स्वतःच थांबणारा) वापरत असाल, तर हेड कुठेही वळले तरी त्याचा सेन्सर माणसांकडेच राहिला पाहिजे. मागे पांढरी भिंत जवळ असेल तर तो फसून कमी प्रकाश देतो, आणि गडद लाकूड असेल तर जास्त. आरबी६७ सारख्या बेलोज (लेन्स पुढेमागे करणारा घडीचा भाता) असलेल्या कॅमेऱ्यावर अगदी जवळून चेहरा घेताना बेलोज लांबते, तेव्हा फिल्मपर्यंत कमी प्रकाश पोहोचतो. हे फ्लॅशच्या सेन्सरला कळत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूच्या तक्त्यावरून भरपाई वाचून ॲपर्चर उघडावे. तयारीचा दिवा लागला म्हणून लगेच बटण दाबू नये. तो कपॅसिटर पूर्ण भरण्याआधीच लागतो, म्हणून पूर्ण शक्तीवर आणखी पाच-सात सेकंद थांबावे.

जुना फ्लॅश डिजिटल मीडियम फॉरमॅटवर लावणे

व्हिव्हिटार २८३ चे सुरुवातीचे नमुने ट्रिगरच्या टोकांवर २०० व्होल्टहून अधिक दाब देतात. यांत्रिक शटरच्या कॅमेऱ्याला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण डिजिटल कॅमेऱ्यातले नाजूक मंडल त्याने जळू शकते. फ्लॅश पूर्ण भरल्यावर त्याच्या पायाचा मधला बिंदू आणि कडेची पट्टी यांमधला दाब मल्टिमीटरने मोजावा, आणि २४ व्होल्टहून अधिक निघाला तर तो कॅमेऱ्याला जोडू नये. जास्त दाब सोसणारा ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाश पाहून फ्लॅश उडवणारा भाग) त्याच्या पायाला लावला, तर मागची भिंत उजळायला तोच फ्लॅश आणखी कित्येक वर्षे कामी येतो.