कंटाळा आलाय, पिक्चर बघायचाय, पण कोणता? मी असा निवडतो

कंटाळा आला असला की निवड करायची ताकदच उरत नाही, आणि नेमकं तेव्हाच आपण ॲप उघडून बसतो. शंभर पोस्टर समोर येतात, एकाचा ट्रेलर बघितला, दुसऱ्याचं रेटिंग बघितलं, तिसरा वॉचलिस्टमध्ये टाकून ठेवला, यात पाऊण तास जातो आणि शेवटी रील्स बघता बघता झोपायची वेळ होते. वाईट वाटतं हो, कारण चांगला टाइमपास पिक्चर मिळाला की माणूस दोन तासांत अगदी फ्रेश होतो. म्हणून निवडायचं कसं ते नीट सांगतो.

पहिलं म्हणजे स्वतःला विचारायचं, कंटाळा कसला आलाय? दिवसभर काम करून डोकं बधिर झालंय, का सुट्टीचा दिवस आहे आणि काहीच करायला नाहीये, का कशातच मन लागत नाहीये? हे तिन्ही कंटाळे वेगळे आहेत आणि तिघांना एकच पिक्चर चालत नाही. कॉमेडी बघ कॉमेडी बघ असं सगळे सांगतात, पण ज्याला रिकामपणाचा कंटाळा आलाय त्याला हलकी कॉमेडी लावून दिली तर तो दहा मिनिटांत परत फोन हातात घेतो, हे मी घरातच बघितलंय.

थकून आलेला असाल तर नवीन काही शोधूच नका. आधी बघितलेला, आवडलेला पिक्चर परत लावा, त्यात काही कमीपणा नाही. आपल्याकडे याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. तो इतक्या वेळा बघूनही का चालतो ते बघा. चौघांना पुण्यात राहायला जागा हवी, घरमालकीण लीलाबाई काळभोर जागा देणार फक्त लग्न झालेल्यांना, म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती, आणि मग ते एक खोटं टिकवायला दुसरं, दुसरं टिकवायला तिसरं. प्रत्येक सीनमध्ये आता पकडले जाणार ही धाकधूक असते, त्यामुळे पुढे काय होणार ते माहीत असलं तरी आपण हलत नाही. सचिन पिळगावकरांनी विनोद नुसता डायलॉगवर ठेवलेला नाही, तो प्रसंगात आहे. थकलेल्या डोक्याला असाच पिक्चर लागतो, लक्षात ठेवायचं काही नसतं आणि तरी नजर पडद्यावरून हटत नाही.

रिकामपणाचा कंटाळा असेल तर उलटं करायचं, डोक्याला काम द्यायचं. परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३) बघितला नसेल तर आजच बघा आणि प्लीज त्याच्याबद्दल काहीही वाचू नका, ट्रेलरसुद्धा नको. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचा प्लॅन करतात एवढंच माहीत असलेलं पुरे, पुढे तो प्लॅन ज्या पद्धतीने हातातून निसटत जातो ते बघताना हसू पण येतं आणि घाम पण फुटतो. जुन्यातलं हवं असेल तर '१२ अँग्री मेन' (१९५७), जवळजवळ सगळा पिक्चर एका खोलीत, बारा माणसं, एक खटला, आणि तरी एक मिनिट जड जात नाही. इंग्रजी नको असेल तर बासू चॅटर्जींनी त्याचाच हिंदीत 'एक रुका हुआ फैसला' केलाय, तो लावा.

इथेच एक गोष्ट सांगतो जी फार लोक सांगत नाहीत. पिक्चर चांगला असणं वेगळं आणि कंटाळ्याच्या वेळी चालणं वेगळं. 'दृश्यम'च घ्या, मूळ मल्याळम २०१३ चा असो नाहीतर निशिकांत कामतांनी केलेला २०१५ चा हिंदी, पुढचा भाग जबरदस्त आहे पण सुरुवातीला बराच वेळ फक्त त्या कुटुंबाचं रोजचं आयुष्य दाखवलंय. ते मुद्दाम आहे आणि पुढे त्याचा फायदा होतो, पण आधीच चुळबुळ करणारा माणूस तिथपर्यंत थांबत नाही. असे पिक्चर मन शांत असताना बघायचे, वाया घालवायचे नाहीत.

आता ज्याचं कशातच मन लागत नाही त्याच्यासाठी माझं एकच ठाम मत आहे, लहान मुलं किंवा झपाटलेला माणूस मध्यभागी असलेला पिक्चर निवडा. 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४), हा पण मोकाशींचाच. पंढरपूरचं घर, वडील गेलेले, आईचं विणकामाचं मशीन कर्जापायी जायची वेळ आलेली, आणि वडिलांनी बनवलेली सायकल विकायला लागू नये म्हणून पोरं यात्रेत बांगड्यांचा स्टॉल लावायचं ठरवतात. यात्रेची गर्दी, पोरांचा हिशोब, कुणाला कळू नये म्हणून चाललेली धडपड, बघता बघता आपण त्या स्टॉलशेजारी उभे असल्यासारखं वाटतं. तसाच 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', दादासाहेब फाळके घरातलं सामानसुद्धा विकून सिनेमा काढायच्या मागे लागलेत, बायकांची कामं करायला बायका मिळेनात म्हणून पुरुष घ्यावे लागतायत आणि ते मिशा काढायला तयार नाहीत. एवढ्या अडचणी आहेत पण पिक्चरभर रडारड नाही, तो माणूस सतत उत्साहात, आणि तो उत्साह आपल्यालाही लागतो. मन मरगळलेलं असताना मला याच्याइतका दुसरा कुठलाच पिक्चर उपयोगी वाटत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. घड्याळ बघा आणि मग पिक्चरची लांबी बघा, हे प्ले दाबायच्या आधी. रात्री अकराला 'सैराट' लावाल तर जवळजवळ तीन तास जाणार, दुसऱ्या दिवशी ऑफिसला डोळे चोळत जाल आणि एवढ्या चांगल्या पिक्चरवर राग काढाल. कंटाळ्यासाठी दीड ते पावणेदोन तास बेस्ट. आणि तासभरच हातात असेल तर बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) बघा, फक्त पाऊण तासाचा आहे, मूकपट म्हणून नाक मुरडू नका. थिएटरमध्ये पिक्चर दाखवणारा पोरगा मशीनशेजारीच झोपतो आणि स्वप्नात थेट पडद्यात शिरतो, तिथे बाकावर बसायला जावं तर सीन बदलून रस्ता येतो, रस्त्यावरून चालावं तर पायाखाली कडा येतो. कॉम्प्युटर नसताना हे शंभर वर्षांपूर्वी केलंय आणि स्टंट त्याने स्वतः केलेत, रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या स्टंटमध्ये तर त्याच्या मानेचं हाड मोडलं आणि ते त्याला कळलं कितीतरी वर्षांनी!

पिक्चर लावला की पहिली पंधरा-वीस मिनिटं एकच बघायचं, कुणालातरी काहीतरी ठराविक हवंय का आणि ते मिळायला अडचण आहे का. जागा हवी, नवस फेडायचाय, गाडी पकडायचीय, काहीही चालेल. 'नवरा माझा नवसाचा' एसटीतल्या एका प्रवासावर सबंध उभा आहे, गणपतीपुळ्याला पोचायचंय बस, आणि म्हणूनच तो पळतो. राजामौलींच्या 'मक्खी'त तर हिरो मरतो आणि माशी होऊन बदला घ्यायला परत येतो, कल्पना ऐकायला वेडेपणाची वाटते पण माशीने एवढ्या मोठ्या माणसाला कसं हरवायचं हा प्रश्न इतका सरळ आहे की सहावीतलं पोर आणि आजोबा दोघंही टक लावून बघतात. वीस मिनिटांत असं काही दिसलं नाही तर बंद करा, बिनधास्त. पण ती वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा, नाहीतर दोष पिक्चरचा का आपला ते कळणारच नाही.

घरात कोण कोण बसणार आहे ते पण बघायचं. 'झपाटलेला' मला प्रचंड आवडतो, रामदास पाध्यांनी बनवलेला तात्या विंचू हा बाहुला अजूनही भारी वाटतो, पण घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर रात्री लावू नका, ते बाहुल्यांना घाबरायला लागतं. मित्र जमले असतील तर जॅकी चॅनचा 'पोलीस स्टोरी' (१९८५), भाषा नाही कळली तरी अडत नाही, शेवटची मॉलमधली मारामारी बघताना सगळे ओरडतात.

रेटिंगचं थोडक्यात सांगतो. 'अंदाज अपना अपना' १९९४ मध्ये थिएटरला चालला नव्हता, आज त्याचे डायलॉग पाठ नाहीत असा हिंदी पिक्चर बघणारा सापडणं कठीण. आकड्यांपेक्षा धागा पकडा. म्हणजे असं, 'बनवाबनवी' आवडला ना? तो हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून आलाय. मग हृषीदांचा 'चुपके चुपके' बघा, मग 'गोलमाल', त्यात अमोल पालेकर नोकरीसाठी खोटा भाऊ उभा करतो आणि मिशीवर सगळा खेळ चालतो. तिथून गुलजारांचा 'अंगूर', संजीवकुमार आणि देवेन वर्मा दोघांचे डबल रोल, मूळ शेक्सपियरच्या नाटकाचं. 'हेरा फेरी' आवडत असेल तर तो ज्याच्यावरून आलाय तो मल्याळम 'रामजी राव स्पीकिंग' सबटायटल लावून बघा. एका आवडत्या पिक्चरवरून महिनाभर पुरेल एवढं निघतं, आणि ॲप जे पुढे ढकलतं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त वेळा जमतं.

आणि हे सगळं कंटाळा आल्यावर करायचं नाहीये, आधी करून ठेवायचंय. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तिथे यादी करा. नुसतं नाव लिहू नका, समोर लांबी लिहा आणि कुठल्या कंटाळ्याला चालेल ते लिहा, "वाळवी, पावणेदोन तास, रिकामी दुपार" असं. कुणी चांगला पिक्चर सांगितला की तिथल्या तिथे टाका. यादी दहाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ती पण ॲपसारखीच होते, आणि एक बघून झाला की खोडून लगेच दुसरा भरा.