खुल्या समुद्रातील मासेमारीसाठी राष्ट्रांनी करार कसा बांधावा

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पलीकडे कोणत्याही राष्ट्राचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या माशांवर त्या किनारी राष्ट्राचाच हक्क असतो ते पाणी, पोहोचत नाही. तिथे मासे पकडण्याचा हक्क सर्व राष्ट्रांना आहे. मात्र १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानेच त्या हक्काच्या जोडीला संवर्धनासाठी परस्परांशी सहकार्य करण्याचे कर्तव्यही घातले आहे. हे कर्तव्य प्रत्यक्षात कसे उतरवावे, हे वाटाघाटीत बसणारे अधिकारी, मच्छीमार संघटना आणि अभ्यासक यांच्यासाठी पुढे मांडले आहे.

सुरुवात माशाच्या वावरापासून करावी. साठा, म्हणजे एका जातीच्या माशांचा एकत्र मोजला जाणारा गट, अंडी कुठे घालतो, वाढतो कुठे आणि कोणाकोणाच्या हद्दीतून जातो हे ठरल्याशिवाय कराराला कोणती राष्ट्रे हवीत हेच कळत नाही. हद्दीच्या आत एक नियम आणि बाहेर दुसराच, अशी स्थिती राहिली तर दोन्ही नियम निरुपयोगी ठरतात. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या १९९५ च्या मत्स्यसाठा कराराने दोन्हीकडचे उपाय परस्परांशी सुसंगत ठेवण्याची अट घातली. बेरिंग समुद्राच्या मध्यभागी अमेरिका आणि रशिया यांच्या क्षेत्रांनी वेढलेला खुल्या समुद्राचा तुकडा आहे. १९८० च्या दशकात दूरच्या देशांच्या ताफ्यांनी तिथे पोलॉक मासा इतका उपसला की साठा कोसळला आणि १९९३ पासून मासेमारी थांबवावी लागली. सहा राष्ट्रांचा करार झाला तो त्यानंतर, १९९४ मध्ये.

दुसरे काम म्हणजे संबंधित क्षेत्रात आधीच एखादी प्रादेशिक मत्स्यव्यवस्थापन संघटना, म्हणजे तिथल्या मासेमारीचे नियम एकत्र ठरवणारी राष्ट्रांची संघटना, आहे का, हे पाहणे. टूनासाठी अशा पाच संघटना आहेत आणि अन्य माशांसाठी वेगळ्या. संघटना असेल तर तिचे सदस्य व्हावे किंवा तिचे नियम पाळण्याचे मान्य करावे, कारण १९९५ चा करार स्वीकारलेल्या राष्ट्रांच्या नौकांना त्याशिवाय तिथल्या साठ्यावर हात घालता येत नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. किती टन पकडायचे हा वाद दरवर्षी नव्याने घालण्याऐवजी, साठा अमुक पातळीखाली गेला तर पकड किती घटवायची, हा नियम आकडे समोर येण्यापूर्वी मान्य करून घ्यावा. बेरिंगच्या करारात हे दिसते: साठा १६.७ लाख टनांवर गेल्याशिवाय पकड शून्य, असे त्यात लिहून ठेवले आहे. याउलट पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातील ब्लूफिन टूनासाठी २००६ मध्ये शास्त्रज्ञांचा सल्ला सुमारे १५,००० टनांचा होता, तरी तिथल्या टूना संघटनेने, म्हणजे अटलांटिक टूना आयोगाने, २००७ साठी २९,५०० टनांची मर्यादा ठरवली. टीका वाढल्यावर २०१० साठी ती १३,५०० टनांवर आणली गेली, साठा सावरला आणि २०२० मध्ये मर्यादा ३६,००० टनांपर्यंत वाढवता आली. सल्ल्यानुसार आपोआप चालणारी पद्धत तिथे २०२२ मध्ये स्वीकारली गेली. ती आधीच असती तर मधली घसरण टळली असती, असे मला वाटते.

निर्णयपद्धतीचे कलम लिहिताना हरकतीच्या तरतुदीकडे बारकाईने पाहावे. अनेक संघटनांत एखाद्या सदस्याने मुदतीत हरकत नोंदवली की तो निर्णय त्याच्यावर बंधनकारक राहत नाही, आणि मोठा ताफा बाळगणाऱ्याने ही वाट धरली तर बाकीच्यांच्या संयमाला फारसा अर्थ उरत नाही. दक्षिण प्रशांत महासागरातील मत्स्यव्यवस्थापन संघटनेने यावर चांगला तोडगा काढला आहे. तिथे भेदभाव किंवा करारभंग एवढ्याच कारणांवर हरकत घेता येते, सदस्याला पर्यायी उपाय सुचवावा लागतो आणि प्रकरण तपासणी मंडळापुढे जाते. २०१३ मध्ये रशियाच्या हरकतीवर असे मंडळ बसले आणि संबंधित निर्णयात भेदभाव झाल्याचे त्याने मान्यही केले. म्हणजे ही व्यवस्था केवळ तक्रार दाबण्यासाठी नाही.

अंमलबजावणीचा भार एकट्या ध्वजराष्ट्रावर, म्हणजे नौका जिथे नोंदलेली आहे त्या राष्ट्रावर, टाकू नये. समुद्रात प्रत्येक नौकेमागे गस्त घालणे परवडत नाही, पण मासा कुठेतरी उतरवावाच लागतो, आणि २०१६ पासून लागू असलेला बंदर राष्ट्रांविषयीचा करार नेमका तिथे गाठतो. परदेशी नौकेने बंदरात येण्याआधी परवानगी मागायची असते. निरीक्षकाने नौकेचा सात अंकी आयएमओ क्रमांक (नौकेची कायमची आंतरराष्ट्रीय ओळख) सांगाड्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, परवान्यातील मासा, साधने आणि क्षेत्र तपासावे, नोंदवहीतील वजन शीतकक्षातील मालाशी जुळवावे आणि उपग्रहाद्वारे मिळालेली नौकेची वाट त्या तारखांशी लावून बघावी. समुद्रातच दुसऱ्या जहाजावर माल चढवला असेल तर त्याची कागदपत्रे वेगळी मागावीत, कारण बेकायदा माल कायदेशीर मालात बहुधा तिथेच मिसळतो. बेकायदा मासेमारीचा पुरेसा पुरावा असल्यास माल उतरवू देऊ नये आणि इंधनही देऊ नये.

कोट्याच्या वाटपात केवळ जुन्या पकडीचा इतिहास धरला तर विकसनशील किनारी राष्ट्रे कायमची मागे राहतात. त्यांच्या गरजांचा विचार करणे १९९५ च्या करारानुसार बंधनकारक आहे.

जिथे मासेमारी अजून सुरूच झालेली नाही, तिथे मात्र करार आधीच करून ठेवावा. मध्य आर्क्टिक महासागरासाठी नऊ राष्ट्रे आणि युरोपीय संघ यांनी २०१८ मध्ये असा करार केला. २०२१ मध्ये तो लागू झाला असून १६ वर्षे तिथे अनियंत्रित व्यापारी मासेमारी करायची नाही आणि संशोधन एकत्र करायचे, असे त्यात ठरले आहे. मुदत संपल्यावर कोणत्याही सदस्याने औपचारिक हरकत घेतली नाही, तर तो पाच-पाच वर्षांनी पुढे चालू राहतो.