आधी टीसी काढा, मग अमेरिकेचं बघा

धाकटी बहीण आणि दाजी अमेरिकेत, दाजी आता तिथले नागरिक. भारतातून बाळ दत्तक घ्यायचं ठरलं आणि इकडची कागदं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण लातुरात सगळ्यांना मीच रिकामा दिसत होतो. त्या धावपळीतून झालेली ही यादी.

सगळ्यात आधी दोघांची टीसी बाहेर काढा. आपल्याकडं अर्धं गाव 1 जूनला जन्मलेलं असतं. गुरुजींनी सहा वर्षं पुरी दाखवून पोराला पहिलीत घातलेलं असतं, आणि पुढं तीच तारीख पासपोर्टावर चढते. एरवी आपण हसून सोडून देतो, पण इथं कागदावरचंच वय धरतात, तेही दत्तकासाठी नाव नोंदवलं त्या दिवशीचं. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज 85 च्या वर गेलेली चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या लेकरासाठी 90, चार ते आठसाठी 100. गुरुजींनी वाढवलेलं एक वर्ष चाळिशीनंतर असं आडवं येतं.

मग नाव. टीसीवर माहेरचं, पासपोर्टावर सासरचं, आणि लग्नाच्या दाखल्यावर ग्रामसेवकानं लिहिलेलं तिसरंच. फरक किरकोळ असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुतेकदा चालून जातं, मोठा असेल तर नावबदल राजपत्रात छापून घ्या. जन्मगावही तपासा. जुन्या कागदावर औरंगाबाद, उस्मानाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव असेल, तर 2023 च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जोडून ठेवा. आमच्या ओळखीतल्या एकाला हे अमेरिकेत कागद तपासणाऱ्या बाईंना फोनवर समजावता समजावता मध्यरात्र झाली.

लग्नाला गाव जेवलं, पण नोंदणी केलीच नाही, अशी जोडपी आपल्याकडं कमी नाहीत. नोंदवून घ्या. किमान दोन वर्षांचा स्थिर संसार हवा असा नियमच आहे.

पोलिसांचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची पत्रं, हे ती दोघं तिकडं बघून घेतील. तुमच्याकडून जाणाऱ्या मराठी कागदाचं मात्र पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातल्या अक्षरांसकट. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारनं मारलेला शिक्का, कशाकशाला हवं हे एजन्सीला लेखी विचारा आणि मगच एजंटाला पैसे द्या. मी दोन कागदांचं उगीच करून बसलो.

एजन्सी म्हणजे कारानं (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता दिलेली परदेशी दत्तक संस्था. तिची माणसं घरी येऊन होम स्टडी, म्हणजे घराची आणि आईबापांची पाहणी, करतात. तो अहवाल कारासाठी तीन वर्षं चालतो, पण अमेरिकेची आय-800ए ची, म्हणजे परदेशातून दत्तक घ्यायला पात्र असल्याच्या अर्जाची, मंजुरी 15 महिन्यांचीच. थांबणं लांबलं की ही दुसरी तारीख गुपचूप उलटते, तेव्हा कॅलेंडरवर लाल खूण करा.

मधेच एखादे काका म्हणतातच, "एवढा कुटाणा कशाला? रजिस्ट्री ऑफिसात दत्तकपत्र करून टाका." नुसतं दत्तकपत्र गावात वारसासाठी दाखवता येईल, त्यावर विमानात बसता येत नाही. भारत 2003 पासून देशादेशांतल्या दत्तकाच्या हेग करारात आहे, त्यामुळं काराचं ना हरकत प्रमाणपत्र चुकत नाही. आणि "एका दवाखान्यात ओळख आहे, बाळही मिळंल, कागदही मिळंल" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. लेकराच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड आहे.

बाळ ठरलं की पुढचे कागद ओळीनं येतात: काराचं प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, बाळाचा नवा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. यातला जन्मदाखला हातात पडताच आईवडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. तिथला एक काना चुकला की तो पुढं व्हिसापर्यंत जातो.

बाळ गेल्यावरही फाईल बंद करू नका. दोन वर्षं अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. दाजींनी त्या सहाही तारखा फ्रीजवर चिकटवल्यात. चौथा गेल्या आठवड्यात गेला.