नँड फ्लॅशवरील लेखनत्रुटी आणि चुकीचा एरर कोड : माझा अनुभव

लिनक्सवर चालणाऱ्या आमच्या एका बोर्डावर यूबीआय (नँड फ्लॅश या स्मृतिचिपवरील ब्लॉक सांभाळणारी लिनक्समधील प्रणाली) अधूनमधून रीड-ओन्ली होत असे, म्हणजे लेखन बंद पडे. निकामी ब्लॉकांच्या जागी वापरायचे राखीव ब्लॉक संपले असावेत, अशी पहिली शंका आली. पण ते पुरेसे शिल्लक होते. लॉगमध्ये मात्र लेखन फसले की दर वेळी उणे 110, म्हणजे टाइमआउटचा कोड दिसे.

पेज, म्हणजे ब्लॉकमधील एका वेळी लिहिला जाणारा भाग, लिहिले गेले नाही, तर नँड चिपच्या स्टेटस रजिस्टरमधील शून्य क्रमांकाचा बिट 1 होतो. चिप हाताळणाऱ्या कंट्रोलरसोबत आलेला ड्रायव्हर मात्र तो न तपासता लेखन पूर्ण झाल्याच्या इंटरप्टची (हार्डवेअरकडून येणाऱ्या इशाऱ्याची) वाट पाहत बसे, आणि अपयशाच्या वेळी तो इंटरप्ट येतच नसे. यूबीआय केवळ उणे 5, म्हणजे ईआयओ हा वाचन-लेखनातील त्रुटीचा कोड मिळाल्यावरच डेटा दुसऱ्या ब्लॉकवर हलवते. इतर त्रुटींवर ती लेखनच थांबवते, आणि हा कडकपणा मला योग्यच वाटतो.

इंटरप्ट न आल्यास स्टेटस वाचावे आणि तो बिट 1 असल्यास ईआयओ परत करावा, एवढाच बदल मी केला. ड्रायव्हरमध्येच ब्लॉक बॅड, म्हणजे निकामी ठरवणे मुद्दाम टाळले, कारण यूबीआय हेक्स ए5, 5ए आणि 00 हे नमुने लिहून-पुसून त्याची स्वतः परीक्षा घेते. ज्या दुबळ्या ब्लॉकवर आधी लेखन फसले होते, त्यावर पुन्हा लिहिले, तेव्हा डेटा दुसरीकडे सुखरूप गेला आणि परीक्षेत नापास झालेला तो ब्लॉक बॅड ब्लॉकांच्या यादीत जमा झाला.