नौदल अधिकाऱ्याचा परिचय लिहायचाय? आधी बायोडेटा असा वाचा

नौदलातले पाहुणे व्याख्यानाला बोलावले की त्यांच्याकडून बायोडेटा येतो तो इंग्रजीत, दीड पानाचा, आणि निम्मा लघुरूपांनी भरलेला. निवेदक तोच वरपासून खालपर्यंत वाचत सुटला की चौथ्या ओळीला श्रोते घड्याळ बघायला लागतात. मी नौदलात रायटर शाखेत, म्हणजे कार्यालयीन कागदपत्रं सांभाळणाऱ्यांत होतो. अधिकाऱ्यांच्या फायली रोज हाताखालून जायच्या. आता आमच्या व्याख्यानमालेसाठी हे परिचय मीच लिहितो. इतर मंडळांतले लोक फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सुरुवात हुद्द्यापासून करा, कारण सगळ्यात जास्त फजिती तिथे होते. भूदलातला कॅप्टन म्हणजे तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन म्हणजे भूदलातल्या कर्नलच्या तोडीचा, पंधरा-वीस वर्षांची नोकरी अंगावर असलेला माणूस. एका शाळेच्या कार्यक्रमात निवेदिकेने पाहुण्यांना 'आपले तरुण कॅप्टन' म्हणून पुकारलं, तेव्हा साहेबांचे सगळे केस पांढरे होते. भरीस भर म्हणजे जहाजावर जो प्रमुख असतो त्याला हुद्दा कुठलाही असला तरी कॅप्टनच म्हणतात. लहान जहाजाचा कॅप्टन लेफ्टनंट कमांडरसुद्धा असू शकतो. तेव्हा बायोडेटात हुद्दा कुठला आणि पद कुठलं, हे पेन्सिलीने वेगळं करून घ्या.

क्रम असा: सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, ॲडमिरल. कमांडरपर्यंतची बढती आताच्या नियमांप्रमाणे सेवेच्या वर्षांवर मिळते. 13 वर्षं झाली की कमांडर. खरी चाळणी त्यापुढे लागते. कॅप्टन व्हायला निवड मंडळासमोर फाईल जाते आणि बरेच चांगले अधिकारी तिथेच थांबतात. (आणि कमांडर म्हणून निवृत्त झालेल्यांना 'पुढे का नाही गेलात?' असं व्यासपीठावर विचारणारे महाभाग मी पाहिलेत. विचारू नका.) रिअर ॲडमिरल 58 व्या वर्षी निवृत्त होतात, व्हाइस ॲडमिरल 60 व्या. नौदलप्रमुख 62 वर्षं किंवा तीन वर्षांचा कार्यकाळ, जे आधी होईल तेव्हा. कमोडोर साहेबांना मात्र 'ॲडमिरल' म्हणू नका. ॲडमिरलची खांद्यावरची पट्टी पाहिली तर तारे मोजा: रिअरला दोन, व्हाइसला तीन, ॲडमिरलला चार. 2023 पासून या पट्ट्यांवर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. मराठी सभागृहात हे एक वाक्य टाका, टाळी मिळतेच.

मग शाखा बघा. लढाऊ जहाजाची कमान फक्त एक्झिक्युटिव्ह शाखेच्या अधिकाऱ्याकडे जाते. पाहुणे इंजिनिअरिंग किंवा इलेक्ट्रिकलचे असतील तर 'तुम्ही कोणती जहाजं चालवलीत?' हा प्रश्न गैरलागू. त्यांना इंजिनरूमबद्दल, गोदीतल्या दुरुस्तीबद्दल, नव्या जहाजाच्या बांधणीबद्दल विचारा. तासभर ऐकत बसाल.

पण पाहुणे एक्झिक्युटिव्हचे असतील तर बायोडेटात आधी जहाजं शोधा. माझं स्पष्ट मत आहे की दिल्लीतल्या मुख्यालयातली भारदस्त पदं परिचयात एका ओळीत उरकावीत आणि वेळ जहाजांना द्यावा. अधिकाऱ्याला स्वतःलाही तेच आवडतं. फोनवर 'सर, तुमचं पहिलं कमांड कुठलं?' एवढं विचारा. मुख्यालयाबद्दल तुटक बोलणारा माणूस जहाजाचं नाव आलं की आवाज बदलून बोलायला लागतो. तो जहाजाचा पहिलाच कॅप्टन असेल, म्हणजे जहाज नौदलात दाखल झालं तेव्हाचा, तर ते जरूर लिहा. ते मोलाचं समजतात.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला 'आयएनएस' म्हणजे 'इंडियन नेव्हल शिप' या अक्षरांचा. आयएनएस लावलेलं प्रत्येक नाव पाण्यावर तरंगत नाही. आयएनएस शिवाजी लोणावळ्याला आहे, इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण तिथे होतं. आयएनएस हमला मालाडजवळ, आयएनएस हंसा हा गोव्याचा विमानतळ. 'साहेबांनी आयएनएस शिवाजी ही युद्धनौका समर्थपणे चालवली' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि पाहुणे भिडस्त म्हणून गप्प राहिले. दुसरा खड्डा नावांच्या पुनरावृत्तीचा. जहाज निवृत्त झालं तरी नाव निवृत्त होत नाही. विक्रांत एक 1961 ते 1997 ची, दुसरी 2022 ची. खुकरी एक 1971 च्या युद्धात दीवजवळ बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला तिच्यासोबत गेले. दुसरी 1989 मध्ये आली. पाहुण्यांची कुठली, ते साल बघून ठरवा.

प्रशिक्षणाची यादी गाळा. खडकवासल्याची एनडीए किंवा केरळमधल्या एळिमलाची नौदल अकादमी, एवढं पुरे. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स बहुतेक वरिष्ठांनी केलेला असतोच.

नावापुढची पदकं मात्र नीट उलगडा. पीव्हीएसएम म्हणजे परम विशिष्ट सेवा पदक, एव्हीएसएम अति विशिष्ट, व्हीएसएम विशिष्ट. ही शांतताकाळातल्या उत्तम सेवेची पदकं. एनएम, म्हणजे नौसेना पदक, दोन प्रकारे मिळतं: शौर्यासाठी किंवा कर्तव्यनिष्ठेसाठी. बायोडेटात नुसतं 'एनएम' असेल तर फोन करून कशासाठी ते विचारा. शौर्याचं असेल तर तीच तुमच्या परिचयाची पहिली ओळ.

हे सगळं जमलं की परिचय कसा दिसतो, त्याचा नमुना देतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींवर मी लिहिला असता तर असा:

'1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात आयएनएस कामोर्टाची कमान आवटींकडे होती. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख होऊन ते 1983 मध्ये निवृत्त झाले आणि फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांची. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये म्हादेई या बोटीतून ती पुरी केली.'

वाचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. 'थोर', 'जाज्वल्य' यांतलं काही नाही. जन्मगाव, शाळा हवी असेल तर घाला, पण मागाहून.

मसुदा पाहुण्यांना दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. बहुतेकदा 'ओके' येतं. कधी एखादं विशेषण खोडलेलं येतं, ते मुकाट्याने काढा. आणि स्मृतिचिन्हावर नाव कोरायला देताना हुद्दा आधी, मग नाव, मग पदकं त्यांच्या बायोडेटात आहेत त्याच क्रमाने, आणि शेवटी कंसात 'निवृत्त'. कोरणाऱ्याला हे तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या.