पान दे मुएर्तोवरची हाडं सपाट होतायत? या चुका टाळा

1 आणि 2 नोव्हेंबरला मेक्सिकोत घरोघरी वारलेल्या माणसांसाठी ओफ्रेंदा म्हणजे नैवेद्याची मांडणी करतात, त्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाणी, सेंपासुचिल म्हणजे आपला झेंडू जो मूळचा मेक्सिकोचाच, आणि पान दे मुएर्तो हा वर पिठाचीच हाडं लावलेला गोड पाव. मी मेक्सिको सिटीत राहते, पहिल्या वर्षी केला तेव्हा ओव्हनमधून नुसता गोल बन निघाला, वरची हाडं पार विरघळल्यासारखी. शेजारच्या सेन्योरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, हाडांच्या पिठात वेगळा मैदा मळलास का? नव्हता मळला.

तर सगळ्यात मोठी चूक हीच. मुख्य पीठ मऊ असतं, त्याचीच हाडं केली की ती पावाबरोबर फुगतात आणि पसरतात. म्हणून मूठभर पीठ आधीच बाजूला काढायचं, त्यात दोन-तीन चमचे मैदा मळून घट्ट करायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. मग त्याची लांब वळी करून बोटं फाकवून वरून दाबत पुढे-मागे लाटायची, बोटांखाली पीठ दबतं आणि मधल्या फटीत गाठी उठतात, तीच हाडाची टोकं. गाठी चांगल्या ठसठशीत ठेवा, भाजताना थोड्या बसतातच. पाण्याचं बोट फिरवून दोन हाडं फुलीसारखी चिकटवा आणि मधोमध गोळी, ती कवटी.

आता पीठ. 500 ग्रॅम मैद्याला 4 अंडी, 100 मिली दूध, 100 ग्रॅम साखर, 125 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 10 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि चमचाभर मीठ, यात दोन मध्यम पाव होतात. बटर सुरुवातीलाच घालू नका, मैद्याला आधी बटर लागलं की ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नीट धरत नाही. दहा मिनिटं मळून झाल्यावर मऊ बटर थोडं थोडं घाला. त्या वेळी पीठ इतकं चिकट होतं की बिघडलंच असं वाटतं आणि हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो, तिथेच थांबा, अजून दहा मिनिटं मळा, ते आपसूक भांडं सोडतं. वरून मैदा घातलात तर पाव कोरडा झालाच म्हणून समजा. दूध कोमट हवं, बोटाला चटका बसला तर यीस्टही मरतं.

वासासाठी संत्र्याची साल किसतात. नागपूरच्या संत्र्याची साल सैल आणि पातळ, किसताना पांढरा भाग लगेच येतो आणि पाव कडवट होतो, त्यामुळे भारतात करणार असाल तर माल्टा घ्या. संत्र्याच्या फुलांचं पाणी मिळालं तर एकच चमचा, जास्त झालं की साबणासारखं लागतं.

फुगायला किती वेळ हे घड्याळ बघून ठरवू नका. मेक्सिको सिटी 2240 मीटरवर आहे, हवेचा दाब कमी म्हणून इथे पीठ भराभर फुगतं, आणि आपल्याकडच्या उकाड्यातही तेच होतं. हाडं लावल्यावर पाव दीडपट झाला की हलकेच बोट दाबून बघा, खळगा सावकाश भरत आला तर लगेच ओव्हनमध्ये, वाट बघत बसलात तर परत हाडं सपाट.

180 डिग्रीला साधारण 25 ते 30 मिनिटं. साखर-अंड्यामुळे रंग लवकर येतो आणि आत कच्चं राहतं, म्हणून पंधरा मिनिटांनी वरून फॉइल झाका. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 88 ते 90 डिग्री बघा.

गरम पावावर साखर टाकू नका, वितळून चिकट होते. कोमट झाला की वितळलेलं बटर लावा आणि लगेच साखर भुरभुरवा.

आणि फार आधी करून ठेवू नका, 31 तारखेच्या संध्याकाळी भाजा. 1 तारखेला लहानपणी गेलेली मुलं घरी येतात असं मानतात, त्यांच्यासाठी त्याच पिठातले दोन-तीन मुठीएवढे छोटे पाव करायचे असतील तर ते वेगळ्या ट्रेवर ठेवा, पंधरा मिनिटांत होतात, मोठ्यांबरोबर राहिले तर करपतील.