ब्रेक दाबला की मीटर उजळतो: जुन्या पिकअपच्या विचित्र बिघाडांचा माग कसा काढावा

ब्रेक दाबला की मीटरमधले दिवे मिणमिणतात. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्या तालावर लुकलुकतो. हॉर्न मारला की डिझेलचा काटा खाली येतो. अशी गाडी वायरिंगवाल्याकडे नेली की आधी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) बदलला जातो, मग स्विच, आणि शेवटी ऐकू येतं, "शेठ, पूर्ण वायरिंग काढावी लागेल." तिथवर जाण्याआधी अर्थिंग, म्हणजे बॉडी-चासीतून करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, तपासा. दहा-पंधरा वर्षं पळालेल्या बोलेरो पिकअपसारख्या गाडीत एकाच वेळी तीन-चार ठिकाणी भुताटकी दिसत असेल, तर तीन-चार पार्ट एकदम मेलेले नसतात. बहुतेकदा करंटची परतीची वाटच गंजलेली असते.

मागच्या लाल बल्बचंच बघा. त्यात दोन तारा (फिलामेंट) असतात: पार्किंगची ५ वॅटची, ब्रेकची २१ वॅटची. दोन्हींचं अर्थिंग एकच. ते तुटलं तरी ब्रेक दाबल्यावर करंट बल्बपर्यंत येतोच. परतीची वाट बंद दिसली की तो पार्किंगच्या तारेतून उलटा शिरतो आणि त्याच सर्किटवरच्या मीटरच्या, नंबरप्लेटच्या दिव्यांतून अर्थ गाठतो. ब्रेक दाबल्यावर मीटर उजळतो तो असा. स्विच बदलून हे कसं जाणार?

सुरुवात करण्याआधी

गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून उभी करा. हौदा रिकामा असू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा मल्टिमीटर, वीसेक फूट वायर, पॉलिश पेपर, पाने.

बॅटरी आणि डायनामो (बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर)

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीचं व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा; अर्धमेल्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या घेण्यात अर्थ नाही. गाडी चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "बंद पडली नाही, म्हणजे डायनामो ठीक" असं ठरवण्याची पद्धत अजून बऱ्याच गॅरेजांत दिसते. कोणी करू लागला तर हात धरा. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगल्या डायनामोचे डायोड, रेग्युलेटर उडू शकतात.

अर्थिंग मोजा

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला जोडा. टर्मिनलच्या क्लिपला नव्हे, खांबालाच. आता दिवे लावा, कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि लाल पिन मागच्या दिव्याच्या होल्डरच्या अर्थवर टेकवा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तिथे अडथळा आहे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर चोर सापडलाच. ओमवर लावून "टीं" आवाज ऐकण्यावर विसंबू नका. वायरमधला एकच धागा शिल्लक असला तरी मल्टिमीटर टीं करतो, पण त्या धाग्यातून दिव्याचा भार जात नाही.

खात्रीसाठी होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती वायर जोडा. भुताटकी थांबली की निदान पक्कं. मग अर्थचा बोल्ट काढा, गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, नवीन लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून कसा आणि वरून ग्रीस द्या. हौद्यासाठी चासीपासून २.५ चौरस मिमीची स्वतंत्र अर्थ वायर ओढलेली उत्तम. कोकणात मासळीच्या गाड्यांत बर्फाचं खारट पाणी फटींतून चासीवर ठिबकत राहतं, देशावर खताची पोती तेच काम करतात. तिथे हा बोल्ट दर पावसाळ्यानंतर उघडून बघावा.

इंजिनचं अर्थिंग वेगळं मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर इंजिन ते चासीची पट्टी बघा. ती तुटली असेल तर सेल्फचा प्रचंड करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. केबल तापते, कधी धूर निघतो, आणि लोक केबल बदलत बसतात.

फ्यूज आणि रात्रीत उतरणारी बॅटरी

पात्याच्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. सारखा उडतो म्हणून मोठा घालू नका, चांदीचा कागद तर नाहीच. फ्यूज वाचला की वायर जळते. सारखा उडणारा फ्यूज बहुधा घासलेल्या वायरकडे बोट दाखवत असतो: फाळक्याजवळ, बिजागरीपाशी, नाहीतर उंदरांनी कुरतडलेल्या जागी.

बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह काढून मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा आणि खांब व काढलेली वायर यांच्या मध्ये जोडा, सगळं बंद ठेवा. जुन्या साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा; जो काढल्यावर आकडा पडतो, त्याच्या सर्किटमध्ये गळती आहे. मल्टिमीटर मध्ये असताना सेल्फ मात्र मारू नका. सगळे फ्यूज काढूनही गळती राहिली तर डायनामोच्या डायोडवर संशय घ्या.

मीटरमधल्या लाल दिव्यांकडे वायरिंगचा बिघाड म्हणून बघू नका

वळणावर किंवा उतारावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागत असेल तर डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालंय, म्हणून तरंगता स्विच हलतोय. नुसतं ऑइल ओतून भागत नाही. लायनर झिजलेत की कुठे गळतंय ते बघा. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते आधी.

बॅटरीचा लाल दिवा पेटला आणि त्याच वेळी ब्रेक जड झाला, तर गाडी लगेच बाजूला घ्या. अनेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीवर बसवलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंग आणि ब्रेकची मदत दोन्ही एकदम जातात. पट्टा शाबूत दिसला तर इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल थोडं खाली बसायला हवं. बसलं नाही तर त्या गाडीला दोरी लावून टोचन करू नका, कारण पुढची गाडी थांबली की हिला थांबवायला तेच कडक पेडल उरतं. मेकॅनिकला जागेवर बोलवा.